तेल संपायला पन्नास वर्षं उरली, हे दर वेळी खरं कसं?

जगातलं खनिज तेल सध्याच्या वापराने आणखी साधारण ५० वर्षं पुरेल, अशी बातमी अधूनमधून येते. १९८० ची आकडेवारी काढून पाहिली तर तेव्हा हाच आकडा ३० वर्षांच्या आसपास होता. ती ३० वर्षं २०१० मध्येच सरली. तेल संपलं नाही, उलट रोजचा वापर वाढून १० कोटी बॅरलच्या घरात गेला. साहजिकच पुष्कळांना वाटतं की हे सगळं उगाच घाबरवणं आहे.

याच काळात याच्या नेमकं उलटही घडलं. शाळेच्या पुस्तकात ‘न संपणारी’ या रकान्यात बसवलेल्या काही गोष्टी लोकांच्या डोळ्यांदेखत संपल्या. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरचा कॉड मासा इतका घटला की जुलै १९९२ मध्ये सरकारने तिथली कॉडची मासेमारी बंद केली आणि तीस हजारांहून जास्त माणसांचा रोजगार गेला. सौदी अरेबियाने जमिनीखालचं पाणी उपसून वाळवंटात गहू पिकवला, तो निर्यातही केला, आणि पाणी आटत चाललं तसा २०१६ पर्यंत हा सरकारी गहू कार्यक्रम गुंडाळला.

संपणार म्हटलेलं अजून टिकून आहे आणि न संपणारं संपलंय. हा घोळ दोन रकान्यांच्या यादीने सुटत नाही. तो वेगाच्या हिशेबाने सुटतो.

## हौदाचा हिशेब

एक हौद डोळ्यांपुढे आणा. वर नळ आहे, त्यातून पाणी येतंय. खाली तोटी आहे, तिच्यातून आपण घेतोय. हौदात आत्ता आहे तो साठा, नळातून येते ती आवक, तोटीतून जातो तो उपसा. उपसा आवकेइतका किंवा कमी असेल तर हौद कधीच रिकामा होणार नाही. जास्त असेल तर होणारच, फक्त कधी एवढाच प्रश्न उरतो.

ज्या संसाधनाची आवक माणसाच्या आयुष्याच्या मापाने मोजता येते त्याला नवीकरणीय म्हणतात. ज्याची आवक इतकी संथ की ती शून्यच धरावी लागते ते अनवीकरणीय. ‘अक्षय’, ‘पुनर्नवीकरणीय’ हे शब्दही पहिल्या अर्थानेच येतात. ‘अपारंपरिक’ हा शब्द मात्र वेगळा आहे आणि त्याने फार गोंधळ होतो. जळाऊ लाकूड माणसाचं सर्वांत पारंपरिक इंधन आहे, पण ते नवीकरणीय आहे. अणुभट्टीतलं युरेनियम कितीही आधुनिक वाटलं तरी ते खाणीतून येतं आणि पुन्हा तयार होत नाही.

आता हौद तीन तऱ्हांचे असतात. सूर्यप्रकाश आणि वारा यांना हौदच नाही, नुसता वाहता नळ आहे. आज घेतला नाही म्हणून उद्या जास्त मिळत नाही आणि आज घेतला म्हणून उद्या कमी होत नाही. कोळसा, तेल, धातू यांचे हौद भरलेले आहेत, पण नळ बंद आहे. तिसरी तऱ्हा मधली: भूजल, मासे, जंगल, माती. इथे हौदही आहे, नळही चालू आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला नळाची धार दिसत नाही. लोक फसतात ते बहुतेक वेळा इथे.

## नळ बंद आहे म्हणजे किती बंद?

कोळशाचा जन्म दलदलीत होतो. उघड्या जंगलात पडलेलं पान काही महिन्यांत कुजून जातं, कारण जिवाणूंना आणि बुरशीला प्राणवायू मिळतो. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून झाडांचे अवशेष अर्धवट कुजून थरावर थर साचत राहतात. या भुसभुशीत तपकिरी थराला पीट म्हणतात. तो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. वर गाळ चढून तो दाबला गेला की १० मीटर पीटचा सुमारे १ मीटर कोळसा होतो. नुसतं साचायलाच १० हजार वर्षं झाली. पुढे तो खोल गाडला जाऊन उष्णतेने लिग्नाइट, मग दगडी कोळसा, मग अँथ्रासाइट व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. जगातला पुष्कळसा उत्तम कोळसा ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींचा आहे.

तेलाची वाट याहून बिकट. समुद्रातले सूक्ष्म जीव मरून तळाशी गाळात गाडले जातात. तो गाळ २ ते ४ किलोमीटर खोल जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात लाखो-कोट्यवधी वर्षं राहिला तर तेल होतं. कमी तापलं तर होत नाही, फार तापलं तर त्याचा वायू होतो. झालेलं तेल हलकं असल्याने खडकातल्या छिद्रांमधून वर सरकतं आणि वाटेत न झिरपणारा खडक आडवा आला तरच त्याखाली अडकून राहतं. नाहीतर पृष्ठभागावर येऊन विरून जातं. एवढ्या सगळ्या अटी जुळलेल्या जागाच तेलक्षेत्र ठरतात.

या खटाटोपातून जे हाती येतं त्यात ऊर्जा प्रचंड ठासून भरलेली असते. १ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) ऊर्जा असते. बरं, तेलाचा उपयोग जाळण्यापुरता नाही. शुद्धीकरण कारखान्यात कच्चं तेल ३५० अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. जो घटक जितका हलका तितका तो वर जाऊन थंड होतो: सर्वांत वर स्वयंपाकाच्या गॅसचे घटक, मग पेट्रोल आणि नाफ्था, मग केरोसीन, डिझेल, आणि तळाशी रस्त्याचं डांबर. नाफ्थ्यापासून प्लास्टिक, रंग, कृत्रिम धागे आणि औषधांचा कच्चा माल निघतो. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया होतो. दगडी कोळशापासून केलेला कोक पोलादाच्या झोतभट्टीत जातो. तिथे तो उष्णता तर देतोच, शिवाय लोहखनिजातला प्राणवायू ओढून घेऊन लोखंड मोकळं करतो. म्हणून ‘कोळशाची वीज बंद करा’ आणि ‘कोळसा बंद करा’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं पहिल्याहून कितीतरी अवघड आहे.

## ते पन्नास वर्षांचं गणित

बातमीतला आकडा एका साध्या भागाकारातून येतो: ज्ञात साठा भागिले वर्षाचा वापर. भागाकार बरोबर असतो, पण त्यातला ‘साठा’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. जमिनीखाली एकूण किती तेल आहे तो हा साठा नव्हे. ज्याची जागा माहीत आहे, आजच्या तंत्राने काढता येतं आणि आजच्या भावात काढणं परवडतं तेवढंच त्यात धरतात. सापडलेल्या तेलक्षेत्रातूनही सरासरी एकतृतीयांशच्या आसपास तेल वर येतं. बाकीचं खडकाच्या छिद्रांना चिकटून खालीच राहतं.

त्यामुळे भाव वाढला, तंत्र सुधारलं की एक थेंबही नवा तयार न होता ‘साठा’ वाढतो. १९८० मध्ये तो सुमारे ६८ हजार कोटी बॅरल होता. पुढच्या ४० वर्षांत जगाने १ लाख कोटी बॅरलच्या आसपास तेल वापरलं, तरी २०२० मध्ये साठा १.७ लाख कोटी बॅरल दाखवला गेला. नवे शोध लागले, कॅनडातली डांबरी वाळू आणि व्हेनेझुएलातलं घट्ट तेल हिशेबात आलं, काही देशांनी आपले आकडे वाढवून जाहीर केले.

अमेरिकी भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये भाकीत केलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागेल. १९७० मध्ये ते झालंही. पण मग आडवी विहीर खणून, पाण्याच्या दाबाने खडक फोडून तेल काढायचं तंत्र पसरलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा उच्चांक ओलांडला. हबर्ट यांचं गणित त्या काळच्या हौदापुरतं चोख होतं, पण पुढे हौदाच्या तळाचं आणखी एक झाकण उघडलं.

म्हणून निश्चिंत व्हावं का? नाही, कारण दोन गोष्टी या भागाकारात धरलेल्याच नसतात. पहिली, वापर स्थिर राहत नाही. १०० वर्षं पुरेल असा साठा असेल आणि वापर दरवर्षी फक्त ३ टक्क्यांनी वाढला तर तो ४७ वर्षांत संपतो. दुसरी, आधी सोपं तेल काढलं जातं. डांबरी वाळूतून तेल सुटं करायला आधी वाफ तयार करावी लागते, म्हणजे आधी इंधन जाळावं लागतं. १ लिटर काढायला १ लिटरइतकी ऊर्जा लागायला लागली की जमिनीत कितीही तेल असो, इंधन म्हणून ते संपलं. हौदाच्या तळाशी पाणी असतं, पण तोटी त्याच्या वर असते.

आणि माझ्या मते याहूनही आधीची मर्यादा हवेची आहे. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. त्यातला कार्बन सुमारे ६४० ग्रॅम. जळताना कार्बनच्या प्रत्येक १२ ग्रॅमला हवेतला ३२ ग्रॅम प्राणवायू चिकटतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून १ लिटर पेट्रोल जळलं की धुराड्यातून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर १० लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. तेल किती उरलंय याच्या कितीतरी आधी, ते जाळून होणारा वायू ठेवायचा कुठे हा प्रश्न आलेला आहे.

## खरी फसगत मधल्या हौदांत

मासे घ्या. एका उपसागरात जास्तीत जास्त १,००० टन मासे मावतात, असं समजू. पूर्ण भरलेल्या उपसागरात वाढ शून्य असते, कारण खाद्य पुरत नाही. मासे फारच थोडे असले तर पिल्लं घालणारेच कमी, म्हणून वाढ थोडी. मधोमध, ५०० टनांवर, वाढ सर्वांत जास्त: आपल्या उदाहरणात वर्षाला १०० टन. तर ५०० टन ठेवून दरवर्षी १०० टन पकडत राहिलं तर हे कायम चालेल.

आता पकड फक्त १० टनांनी वाढवू, ११० टन करू. पहिल्या वर्षी साठा ५०० चा ४९० होतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा वर्षांनी तो ३८७ असतो. पंधरा वर्षांनी २९३. विसाव्या वर्षी ८९, आणि बाविसाव्या वर्षी समुद्र रिकामा. पहिल्या दहा वर्षांत साठ्याचा चौथा हिस्सासुद्धा गेला नव्हता, पण साठा घटला की वाढही घटते, मग घट आणखी वेगाने होते. हे कागदावरचं सोपं गणित आहे. खऱ्या समुद्रात पिल्लांची संख्या पाण्याच्या तापमानावर, भक्षकांवर वर-खाली होत असल्याने ५०० वरची १०० टनांची पकडही धोक्याची असते. शहाणी मासेमारी म्हणूनच कमाल आकड्याच्या बरीच खाली थांबते.

न्यूफाउंडलंडला नेमकं हेच झालं, आणि एक गोष्ट वर झाली. कॉड कमी होत गेला तसा तो उरलेल्या जागी दाट थव्यांनी राहू लागला. ध्वनिलहरींनी थवे शोधणाऱ्या मोठ्या बोटींना ते सापडत राहिले. जाळी भरून येत होती, म्हणून साठा ठीक आहे असं वाटलं. १९६८ मध्ये तिथे ८ लाख टनांच्या आसपास कॉड पकडला गेला होता. बंदी उठवल्याची घोषणा २०२४ मध्ये झाली आणि तेव्हा दिलेला कोटा होता १८ हजार टन.

भूजलाचंही असंच. पाणी ज्या सच्छिद्र खडकात साठतं त्याला जलधर म्हणतात आणि पावसाचं पाणी मुरून त्यात पोहोचणं म्हणजे पुनर्भरण. अमेरिकेत आठ राज्यांच्या खाली पसरलेला ओगलाला जलधर सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्याच्या दक्षिण भागात पुनर्भरण वर्षाला बऱ्याच ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटरही होत नाही, आणि पिकांना पाणी द्यायचं म्हणजे कित्येक पटींनी जास्त उपसा. सहारा आणि अरबस्तानाखालचं बरंचसं पाणी तर हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाळी काळातलं आहे. त्याला जीवाश्म पाणी म्हणतात आणि ते कोळशाच्याच रकान्यात धरायला हवं. पाणी नवीकरणीय आहे हे पावसाबद्दल खरं आहे. तुमच्या बोअरवेलच्या पाण्याबद्दल ते खरं आहे का, हे तिथलं पुनर्भरण ठरवतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिवाय इथे हौदच मोडण्याचा धोका असतो. जलधरात चिकणमातीचे थर असतील तर पाण्याचा दाब त्यांच्या कणांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. पाणी उपसलं की थर दबतात, जमीन खचते. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन साडेआठ मीटरच्या आसपास खाली गेली. पुढे कितीही पाऊस झाला तरी दबलेली चिकणमाती पुन्हा फुगत नाही. तेवढी साठवण कायमची गेली.

मातीचा सुपीक थर १ सेंटिमीटर व्हायला परिस्थितीनुसार शंभर ते हजार वर्षं लागतात आणि उतारावर उघडी नांगरट ठेवली तर तो मोजक्या मुसळधार पावसांत वाहून जाऊ शकतो. माती नवीकरणीय आहे हे वाक्य म्हणूनच फार जपून उच्चारावं.

हा हिशेब पहिल्यांदा ठामपणे मांडणारा माणूस खाणीवरचा होता, हे मला फार बोलकं वाटतं. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणींना टेकू द्यायला आणि भट्ट्या पेटत्या ठेवायला अफाट लाकूड लागे. हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स हे तिथले खाण अधिकारी. जंगल संपलं तर खाणी बंद पडतील, तेव्हा जेवढं वाढतं तेवढंच तोडा, असं त्यांनी १७१३ मध्ये लिहिलं. आज ‘शाश्वत’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतात, त्याचं मूळ तिथे सापडतं.

## धातू जळत नाहीत, मग ते संपतात कसे?

तांब्याची तार हजार वर्षांनीही तांबंच असते. धातूंच्या बाबतीत ‘संपणं’ म्हणजे विखुरणं. ज्या खडकातून धातू काढणं परवडतं त्याला धातुक म्हणतात. आज तांब्याच्या धातुकात सरासरी ०.६ टक्क्यांच्या आसपास तांबं असतं, म्हणजे १ टन तांब्यासाठी १६५ टनांहून जास्त खडक फोडून, दळून, धुऊन काढावा लागतो. शतकापूर्वी अमेरिकेत हेच प्रमाण २ टक्क्यांच्या घरात होतं. धातुकात तांबं जितकं कमी, तितकी ऊर्जा, पाणी आणि मागे उरणारा चिखल जास्त.

त्यापेक्षा भंगारातलं तांबं कितीतरी गाढं असतं. अ‍ॅल्युमिनियमचं तर विचारूच नका. खनिजापासून १ किलो अ‍ॅल्युमिनियम वितळवून काढायला १४ युनिटांच्या आसपास वीज लागते. भंगारापासून करायला मूळ ऊर्जेच्या ५ टक्के पुरते. तरी सगळं अ‍ॅल्युमिनियम फिरून का येत नाही? कारण वस्तू क्वचितच एका धातूची असते. पेयाचा साधा डबा पाहा: त्याच्या अंगाच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम सुमारे १ टक्का असतं, झाकणाच्या मिश्रधातूत साडेचार टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकत्र वितळले की हाती आलेला धातू ना अंगाला चालतो ना झाकणाला. त्यात पुन्हा काहीतरी मिसळून प्रमाण जुळवावं लागतं. मोटारीचं भंगार तारांसकट भट्टीत गेलं तर पोलादात तांबं शिरतं. ते ०.२-०.३ टक्क्यांच्या पुढे गेलं की तापलेलं पोलाद लाटताना पृष्ठभागाला भेगा पडतात, आणि एकदा मिसळलेलं तांबं पोलादातून काढायचा परवडणारा मार्ग नाही. म्हणून भंगार वेगळं करणं ही किरकोळ साफसफाई मानू नये. त्याच टप्प्यावर धातू वाचतो किंवा वाया जातो.

## सूर्य आणि वारा: संपत नाहीत, पण हातात लवकर येतही नाहीत

भर दुपारी स्वच्छ उन्हात १ चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. चांगलं सौर पॅनेल तिच्या २० ते २३ टक्क्यांची वीज करतं. साधारण २ चौरस मीटरचं ४०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी पावणेदोन युनिट देईल. १ लिटर पेट्रोलमधल्या ९ युनिटांशी तुलना केली तर पाच दिवसांची कमाई एका बाटलीत मावते. मात्र इंजिनात पेट्रोलच्या ऊर्जेतला चौथा हिस्सा किंवा थोडा जास्तच चाकांपर्यंत जातो, बाकीची उष्णता होऊन उडते. विजेची मोटर ८५ टक्क्यांच्या वर ऊर्जा चाकांना देते. तेव्हा खरा फरक वाटतो तितका मोठा नाही.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते: वेग दुप्पट, ताकद आठपट. वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. म्हणून पवनचक्की दोनशे मीटर इकडे की तिकडे याने मोठा फरक पडतो. आणि पाती कितीही सुधारली तरी वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढता येत नाही, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिलं. सगळीच काढली तर वारा पात्यांमागे थांबेल आणि मागून येणाऱ्याला जागाच उरणार नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

पॅनेल बनवायलाच जास्त ऊर्जा लागते ना? नाही. ऊन किती आणि कारखान्याची वीज कुठली यानुसार सुमारे १ ते २ वर्षांत पॅनेल स्वतःसाठी खर्च झालेली ऊर्जा फेडतं आणि पुढे २५ वर्षं किंवा जास्त चालतं. क्षमता दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते.

त्यासाठी खाणी खणाव्या लागतातच की! लागतात, आणि हा आक्षेप रास्त आहे. पॅनेलच्या वजनात सुमारे ७० टक्के काच, त्याखालोखाल प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम, मग सिलिकॉन, थोडं तांबं आणि अगदी चिमूटभर चांदी असते. बॅटऱ्यांसाठी लिथियम, निकेल, कोबाल्ट लागतात, आणि खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टचा बहुतांश भाग एकट्या काँगोतून येतो. नळ अक्षय असला तरी घागर खाणीतूनच येते. फरक असा की कोळसा जाळला की गेला, उद्या पुन्हा तेवढाच खणावा लागतो. जगात वर्षाला ८०० कोटी टनांहून जास्त कोळसा जळतो. पॅनेलमधलं अ‍ॅल्युमिनियम २५ वर्षांनीही पॅनेलमध्येच असतं. ते परत मिळवायचं की काचेसकट भरावात टाकायचं, हे आपल्या हातात आहे.

रात्री काय? इथे खरी अडचण आहे. या नळाला हौद नाही, म्हणून हौद बांधावा लागतो: बॅटरी, किंवा पाणी वरच्या जलाशयात चढवून ठेवणं. सेकंदाला १ घनमीटर पाणी १०० मीटर उंचीवरून सोडलं तर नऊशे किलोवॅटच्या आसपास वीज मिळते. चढवताना आणि उतरवताना मिळून चौथा-पाचवा हिस्सा वाया जातो.

## नवीकरणीय म्हणजे स्वच्छच ना?

तसं नाही. जळाऊ लाकूड नवीकरणीय आहे, पण बंद खोलीतला त्याचा धूर फुप्फुसं खराब करतो. युरेनियम अनवीकरणीय आहे, पण वीज करताना कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. त्याचा प्रश्न हजारो वर्षं जपाव्या लागणाऱ्या कचऱ्याचा आहे. धरणाचं पाणी दरवर्षी येतं, पण जलाशयात गाळ साचत जातो आणि तो हौद हळूहळू उथळ होतो. ‘पुन्हा मिळतं का’ आणि ‘वापरताना काय बिघडतं’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

## ‘शास्त्रज्ञ काहीतरी पर्याय काढतीलच’

कधी काढतात. एकोणिसाव्या शतकात खत म्हणून पेरूच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा खणून जगभर पाठवली जात होती. ती पक्षी नव्याने घालत होते, पण शेकडो वर्षांचा थर काही दशकांत उचलला गेला. नत्राचा प्रश्न पुढे फ्रित्स हाबर आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीने सुटला: १९१३ पासून हवेतलाच नायट्रोजन घेऊन कारखान्यात अमोनिया होऊ लागला.

स्फुरदाला (फॉस्फरसला) असा पर्याय नाही. ते मूलद्रव्य आहे, प्रत्येक पेशीला लागतं आणि ते हवेत नसतं. खताचा फॉस्फेट खडक खाणीतून येतो, आणि जगातल्या ज्ञात साठ्याचा सुमारे ७० टक्के भाग मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे. प्रशांत महासागरातल्या २१ चौरस किलोमीटरच्या नाउरू बेटाचा बहुतेक अंतर्भाग याच खडकासाठी खणला गेला. तिथे आता चुनखडीचे ओबडधोबड सुळके उभे आहेत. शेतातून वाहून समुद्रात गेलेलं स्फुरद परत आणायचं यंत्र कुणाकडे नाही. म्हणून मातीची तपासणी करून लागेल तेवढंच घालणं, मलमूत्र आणि शेतातला काडीकचरा जमिनीला परत देणं, हेच तिथलं तंत्रज्ञान आहे.

काटकसर करणारी यंत्रं आली की वापर आपोआप घटेल, असंही म्हणतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवलं की सुधारित वाफेच्या इंजिनाने दर कामामागे कोळसा कमी लागू लागला, त्यामुळे इंजिन स्वस्त पडून जागोजागी बसवलं गेलं आणि एकूण कोळसा जास्त जळला. यंत्र सुधारणं गरजेचंच आहे, पण उपशावर मर्यादा घातल्याशिवाय त्याचा फायदा हौदाला मिळत नाही.

बिघडलेला हौद सावरल्याचंही एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’ या क्षेत्रात जमिनीखालच्या गरम वाफेवर वीज होते. पृथ्वीची उष्णता अक्षयच, म्हणून १९८० च्या दशकात केंद्रांमागून केंद्रं उभी राहिली आणि वाफेचा दाब घसरू लागला. खाली उष्णता होती, वाफ व्हायला पाणीच पुरत नव्हतं. १९९७ पासून जवळच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने आणून जमिनीत सोडायला सुरुवात झाली आणि घसरण आवरली.

## आपला हौद मोजायचा कसा?

तेलक्षेत्र आपण मोजू शकत नाही, पण विहीर किंवा बोअरवेल मोजता येते, आणि त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. एक लांब पोलादी टेप घ्या, टोकाला स्वच्छ वजन बांधा. टेपच्या खालच्या दोन मीटरना कोरडा खडू घासा. पंप किमान १२ तास बंद ठेवा, नाहीतर उपशाने तात्पुरती खाली गेलेली पातळी मोजली जाईल. टेप पंपाच्या केबलमध्ये अडकू नये म्हणून केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या नळीच्या) कडेने सावकाश सोडा. पाण्यात थोडं गेल्याचं जाणवलं की काठाशी एखादी पूर्ण खूण धरा, समजा ३० मीटर, आणि वर ओढा. खडू जिथपर्यंत भिजून गडद झाला असेल ती लांबी वाचा, समजा १.४० मीटर. पातळी काठापासून २८.६० मीटर खाली आहे.

काठावरची मोजण्याची जागा रंगाने कायमची खूण करून ठेवा. वर्षातून दोनदा मोजा: पाऊस संपल्यावर आणि पुढचा पाऊस सुरू होण्याआधी, दर वर्षी त्याच आठवड्यात. उन्हाळ्यात पातळी खाली जाणारच, तिने घाबरू नका. पाहायचा तो पावसानंतरचा आकडा. एखाद्या कोरड्या वर्षी तो घसरला तर तो पावसाचा दोष. चांगल्या पावसाची वर्षं धरूनही पाच वर्षं तो २८.६०, २९.१०, २९.५०, ३०.२०, ३०.८० असा खाली जात असेल, तर त्या विहिरीतलं पाणी आता पुस्तकात कुठल्याही रकान्यात असो, तुमच्यापुरतं ते खाणीतलं पाणी झालं आहे.